केशरोपण : एफयूटी की एफयूई, की डीएचआय? दोनदा टेबलावर झोपल्यावर लिहितोय

उंबरठा

नमस्कार मंडळी. "टकलावर कोणतं तंत्र सगळ्यात चांगलं?" हा प्रश्न इथे दर काही महिन्यांनी येतो. उत्तरंही ठरलेली असतात, की एफयूटी जुनं झालं, एफयूई नवं आहे, डीएचआय त्याहून नवं, सफायर तर विचारूच नका. मी २६ वर्षांचा होतो तेव्हा याच उत्तरांवर विसंबलो. आता ४० चा आहे. मधल्या १४ वर्षांत दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि दुसरी बरीचशी पहिलीचं निस्तरण्यात गेली. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. रोपणात नवीन केस तयार होत नाहीत. मागचे केस पुढे येतात, इतकंच. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस डीएचटी या संप्रेरकाला फारसे दबत नाहीत. ते तिथून काढून टकलावर लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. नॉर्मन ओरेंट्राइक या डॉक्टरांनी हे १९५९ मध्ये मांडलं आणि सगळं आधुनिक केशरोपण त्यावरच चालतं. पण हा मागचा साठा मोजका असतो. केस त्वचेतून एकेकटे उगवत नाहीत, १ ते ४ केसांच्या झुपक्यांनी उगवतात. अशा एका झुपक्याला आपण ग्राफ्ट म्हणतो. सर्वसाधारण माणसाच्या मागच्या भागातून आयुष्यभरात मिळून साधारण ५००० ते ७००० ग्राफ्ट निघतात. त्याहून जास्त ओरबाडले तर मागचं डोकंच उघडं पडतं.

आता दुसरी बाजू बघा. टक्कल पूर्ण पसरलं की ती जागा सहज २०० चौरस सेंटिमीटर होते. मूळची दाटी दर चौरस सेंटिमीटरला ८० झुपके धरली तर तिथे एके काळी १६००० झुपके होते. हाताशी ६०००. म्हणजे कुठलंही तंत्र वापरा, मूळचं डोकं परत येणार नाही. हे गणित मला २६ व्या वर्षी कुणी कागदावर मांडून दाखवलं नाही.

माझं तेव्हा फक्त कपाळाचे दोन कोपरे मागे सरकले होते. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. त्यांनी सांगितलं, "टाके नाहीत, वण नाही, तीन दिवसांत कामावर." एफयूईने, म्हणजे एकेक झुपका सुटा काढून, ३००० च्या वर ग्राफ्ट काढले आणि सगळे पुढे लावले, हेअरलाइन शाळकरी मुलासारखी खाली आणून. गोळ्या-औषधांबद्दल एक शब्द नाही. दोन वर्षं मी आरशासमोरून हलत नव्हतो, इतका खूश होतो. मग लावलेल्या केसांच्या मागचे माझे स्वतःचे केस जायला लागले. ते जाणारच होते, रोपणाने टकलाची चाल थांबत नाही. ३५ व्या वर्षी कपाळावर दाट केसांची पट्टी, तिच्यामागे मोकळं मैदान आणि डोक्याच्या मागे कसर लागल्यासारखे विरळ ठिपके अशी अवस्था झाली. तीन वर्षं टोपीशिवाय घराबाहेर पडलो नाही.

३८ व्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी चार वेळा बोलावून, मोजून, मग हात लावला. मागून स्ट्रिप, म्हणजे त्वचेची पट्टी (हीच एफयूटी), काढून ११०० ग्राफ्ट मिळाले, दाढीतून ७०० घेतले आणि खाली लावलेल्या हेअरलाइनमधले काही ग्राफ्ट काढून वर-मागे लावले. आज टोपी नाही. दाटही नाही, पण माणसासारखं दिसतं.

आता तंत्रांबद्दल. यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि जाहिरातीत ते मुद्दाम एकात कालवले जातात. पहिला, ग्राफ्ट काढायचे कसे? इथे पर्याय दोनच, एफयूटी किंवा एफयूई. दुसरा, ते लावायचे कसे? स्टीलच्या पात्याने चिरा, सफायरच्या पात्याने चिरा, किंवा इम्प्लांटर पेन, ज्याला डीएचआय म्हणतात. डीएचआय आणि सफायर ही दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत. काढण्याचं काम त्यांतही एफयूईनेच होतं. त्यामुळे "एफयूई बरं की डीएचआय" हा प्रश्नच चुकीचा बसतो.

एफयूटीमध्ये मागच्या मध्यभागातून एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची त्वचेची लांब पट्टी कापतात, टाके घालतात आणि पट्टीतले झुपके सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करतात. एफयूईमध्ये पाऊण ते एक मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने एकेक झुपका काढतात. टाके नसतात. वण नसतो ही थाप आहे. हजारो बारीक पांढरे ठिपके उरतात, केस थोडे वाढले की झाकले जातात.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

पाऊलखुणा

मनापासून लिहिलंत. मी स्ट्रिपवाला, २००९ सालचा. २२०० ग्राफ्ट, सगळे पुढच्या अर्ध्या डोक्यावर. मागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत रेघ आहे, सुमारे दोन मिलिमीटरची. केस बोटभर असले की न्हाव्यालाही दिसत नाही. मात्र मशीन अगदी बारीक लावून केस कापणं मी कायमचं सोडलं.

एफयूटीचा त्रास लपवत नाही. पहिले दहा-बारा दिवस मागे ताण जाणवतो, उशीवर डोकं टेकवताना कळतं. टाळूचा वरचा भाग मला चार-पाच महिने बधिर होता, नंतर हळूहळू जाग आली. टाके घालताना कडेची अगदी पातळ कातडी छाटून केस वणातूनच उगवतील अशी शिवण घालतात, ट्रायकोफायटिक म्हणतात तिला. माझी तशी होती म्हणून रेघ पुसट आहे. स्ट्रिप करणार असाल तर हे आधी विचारा. मानेची हालचाल जास्त असलेल्या कामात किंवा ज्यांची कातडी जखमेनंतर जाड वण धरते त्यांना ही रेघ रुंदावू शकते.

फायदा सांगतो. मधला पट्टा हा सगळ्यात भरवशाच्या केसांचा. स्ट्रिप तिथूनच निघते, आणि आजूबाजूची दाटी तशीच राहते. माझ्याकडे आजही एफयूईने काढण्याजोगा साठा शिल्लक आहे. आधी स्ट्रिप, पुढे गरज पडली तर एफयूई, या क्रमाने एकूण ग्राफ्ट जास्त मिळतात.

निळावंती

मी ११ वर्षं हेच काम करते, टेबलावर ग्राफ्ट वेगळे करणारी आणि लावणारी. रुग्णाला आमचा चेहराही आठवत नाही, पण निम्मं यश आमच्या हातात असतं. म्हणून लिहितेय.

केसाचं मूळ त्वचेखाली साधारण ४ ते ६ मिलिमीटर जातं आणि वरून दिसतो त्याच कोनात जातं असं नाही. पंच मारणारा आत बघू शकत नाही. अंदाज चुकला की मूळ कापलं जातं. आम्ही त्याला ट्रान्सेक्शन म्हणतो. कापलेला केस बहुधा वाया गेला. कुरळ्या केसांत मूळही आत वळलेलं असतं, तिथे हा धोका सगळ्यात जास्त. स्ट्रिपमध्ये मी सूक्ष्मदर्शकातून मूळ डोळ्यांनी बघून कापते, शिवाय भोवती थोडी चरबी राखते. एफयूईचा ग्राफ्ट बारीक, जवळजवळ उघडा येतो. तो लवकर सुकतो, चिमट्याने लवकर दुखावतो. चांगल्या हातात दोन्ही उगवतात. घाईच्या हातात एफयूईचं नुकसान जास्त, आणि ते बाहेरून दिसत नाही. वर्षभराने केस कमी उगवले की रुग्णाला वाटतं, आपल्याच नशिबात नव्हतं.

ग्राफ्ट बाहेर जितके तास राहतील तितके मरतात. थंड द्रावणात बुडवून ठेवायचे, एक क्षणही कोरडे पडू द्यायचे नाहीत. एका दिवसात ४०००-४५०० ग्राफ्टची हमी ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो. तेवढे काढायला आणि लावायला किती हात होते, किती तास लागले, हे विचारा.

आणि नुसता ग्राफ्टचा आकडा विचारू नका. एक केसवाले किती, दोनवाले किती, तीनवाले किती ते लिहून मागा. २००० ग्राफ्टमध्ये ४४०० केस असू शकतात, किंवा २६०० सुद्धा. मोठे झुपके तोडून आकडा फुगवलेला मी स्वतः पाहिलाय. ती नोकरी मी त्याच महिन्यात सोडली.

उंबरठा

निळावंतीताई, माझ्या पहिल्या कागदावर फक्त एक गोल आकडा होता. बाकी काहीच नाही.

नवाभिडू

दादा, मी २३ चा आहे. कोपरे मागे गेलेत आणि माथ्यावर मागे भोवरा दिसायला लागलाय. बाबांना आणि दोन्ही काकांना पूर्ण टक्कल आहे. आठ महिन्यांनी लग्न आहे. एका ठिकाणी डीएचआय सुचवलंय, डोकं न भादरता ३५०० ग्राफ्ट, पुढे आणि भोवऱ्यावर दोन्हीकडे. पेनने लावल्यामुळे दाटी दुप्पट येते म्हणाले. धागा वाचून घाबरलोय. खरं सांगा.

उंबरठा

घाबरू नकोस, पण पैसे भरू नकोस. निदान आज तरी.

पेनचं सांगतो. चोई इम्प्लांटर नावाचं हे साधन कोरियात निघालं, १९९२ पासून माहीत आहे. पोकळ सुईत ग्राफ्ट भरायचा, सुई टोचायची, दांडा दाबायचा. छिद्र पाडणं आणि ग्राफ्ट ठेवणं एकाच दमात होतं. ग्राफ्टच्या मुळाला चिमटा कमी लागतो, हे खरंच चांगलं आहे. आधीच्या केसांच्या मधे मधे लावायचं असेल तर फार सोयीचं, म्हणून पुढची बाजू न भादरता करता येते. पण दाटी पेन ठरवत नाही. एका बैठकीत दर चौरस सेंटिमीटरला ३० ते ४५ ग्राफ्ट बसवतात. त्याहून गर्दी केली तर सगळ्यांना पुरेसं रक्त मिळत नाही. आणि ३५०० ग्राफ्ट एफयूईने काढायचे तर मागचं डोकं भादरावंच लागतं, नाहीतर लांब केसांच्या जंगलात पंच चालवणं महाकठीण. "न भादरता ३५००" म्हणजे नेमकं काय, हे त्यांना विचार.

आता तारखेचं. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात. मूळ आत जिवंत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब दिसतात, खरं रूप यायला १२ महिने लागतात, भोवऱ्याला तर १८ सुद्धा. आजूबाजूचे तुझे स्वतःचे केसही काही काळ गळू शकतात, त्याला शॉक लॉस म्हणतात. आज केलंस तर लग्नात तू अर्धवट उगवलेला उभा राहशील.

खरी अडचण तुझं वय आहे. २३ व्या वर्षी टक्कल कुठपर्यंत जाणार हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, आणि घरात तिघांचं पूर्ण गेलंय. भोवऱ्यावर १५०० ग्राफ्ट खर्च केलेस आणि ३५ व्या वर्षी त्याभोवतीचं रान ओस पडलं, तर मधे एक बेट आणि सभोवती गोल चर उरेल. माझ्या चुलतभावाचं तसं झालंय. पुढचा भाग चेहऱ्याला चौकट देतो, म्हणून साठा आधी तिथे वापरायचा. भोवरा शेवटी, उरलं तर.

आधी औषध. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम आणि मिनॉक्सिडिल यांबद्दल बोल. मिनॉक्सिडिल टाळूवर लावण्यासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मंजूर झालं, फिनास्टेराइड टकलासाठी १९९७ मध्ये. फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होणं वगैरे त्रास होतो, ते लपवण्यासारखं नाही, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल. निदान वर्षभर घे, फोटो काढत राहा. आहेत ते केस टिकले तर तुझा साठा तुझ्याकडेच राहील.

रानवारा

थोडं विरुद्ध मत मांडतो. धाग्याचा सूर एफयूईच्या विरोधात चाललाय आणि ते मला अन्यायाचं वाटतं. मी ४४ व्या वर्षी एफयूईने १८०० ग्राफ्ट केले. माझे केस नोकरीमुळे अगदी बारीक कापलेले असतात. स्ट्रिप केली असती तर मागची रेघ रोज सगळ्यांना दिसली असती. सहाव्या दिवशी मागच्या जखमा बुजल्या, दुखणं जवळजवळ नाहीच. आज मागे बघून कुणाला ओळखू येत नाही. उंबरठा, तुमचं नुकसान पंचने केलं नाही. २६ व्या वर्षी ३००० ग्राफ्ट आणि खाली ओढलेली हेअरलाइन, या निर्णयाने केलं.

उंबरठा

मान्य, आणि हे स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. दाढीचे ७०० माझेही एफयूईनेच निघाले, तिथे दुसरा मार्गच नाही. जुना वण झाकायला, भुवयांसाठी, बारीक केस ठेवणाऱ्यांसाठी एफयूईच हवं. तुमच्या डॉक्टरांनी विखरून, चारातला एखादाच झुपका उचलला असणार. माझ्या वेळी हाताला आला तो पट्टा साफ केला, कानामागच्या आणि मानेजवळच्या कडांपर्यंत गेले. कडेचे केस पुढे वयाने विरळ होतात, म्हणून तिथून आणलेले पुढे लावूनही गळाले. राग त्याचा आहे, पंचचा नाही.

सांजवात

बायकांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. माझी कपाळावरची रेघ तीन वर्षांत दोन बोटं मागे गेली, भुवयाही विरळ झाल्या. एका ठिकाणी लगेच रोपणाची तारीख मिळाली. सुदैवाने बहीण हट्टाने त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन गेली. त्यांनी टाळूचा छोटा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान निघालं फ्रंटल फायब्रोझिंग ॲलोपेशिया. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती केसांची मुळं जाळते आणि तिथे वण होतो. आजार जागा असताना रोपण केलं तर लावलेले केसही तसेच जळतात. माझे ग्राफ्ट त्या दिवशी काढले असते तर कायमचे गेले असते.

दुसरं, बायकांचे केस बहुतेकदा सगळीकडून विरळ होतात, भांग रुंदावत जातो. मागचा पट्टाही विरळ असेल तर तिथले केस भरवशाचे नाहीत, मग काढायचे कुठून? माझ्या मैत्रिणीला डॉक्टरांनी याच कारणाने नाही म्हटलं. ती रडली होती. आता थायरॉइड आणि लोह दुरुस्त करून आणि मिनॉक्सिडिल लावून ती बरीच सावरली आहे. नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका एवढंच सांगते.

चाईवालेही इथे विचारत असतात. गोल चट्टे पडणारी चाई हा वेगळा आजार, त्यावर रोपण हा इलाज नाही.

निळावंती

सांजवातताई, शंभरदा बरोबर. पुरुषांतही काहींचे केस मागूनसुद्धा विरळ होतात, मानेकडून वर चढत. भिंगाखाली मागच्या पट्ट्यात बारीक झालेले केस खूप दिसले तर आमचे डॉक्टर सरळ परत पाठवतात.

पाऊलखुणा

रोबोचं कुणी विचारण्याआधी लिहून टाकतो. आर्टास नावाच्या रोबोला अमेरिकेत २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तोही एफयूईच करतो. कॅमेऱ्याने कोन मोजून पंच मारतो, थकत नाही. काळ्या, सरळ केसांवर छान चालतो. पण कुठला झुपका सोडायचा आणि हेअरलाइन कुठे आखायची, हे माणसानेच ठरवायचं.

जुन्या काळी ४ मिलिमीटरचे गोल पंच मारून बाहुलीच्या केसांसारखे गठ्ठे लावायचे. ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. १९९० च्या दशकात नैसर्गिक झुपका जसाच्या तसा लावायची पद्धत रुळली आणि ते दिसणं गेलं. पहिल्या ओळीत एक केसवाले ग्राफ्ट, मागे दोन-तीनवाले, चिरा पुढच्या दिशेने झोपलेल्या. आज कुणाचे केस खोटे दिसत असतील तर ते हात आणि आखणी चुकल्यामुळे.

नवाभिडू

सगळं दोनदा वाचलं. त्यांना फोन करून "काढणार कोण, एकेरी-दुहेरी किती, मागे दाटी किती" असं विचारलं. दाटी मोजलीच नव्हती. तारीख रद्द केली. होणाऱ्या बायकोलाही सांगितलं, ती म्हणाली मला आधीपासून माहीत आहे, भोवरा काय लपतो का. परवा त्वचारोगतज्ज्ञाची वेळ आहे. तिथे काय काय विचारू?

उंबरठा

हे वाचून किती बरं वाटलं सांगू. शाब्बास.

परवा जाताना केसांना तेल किंवा जेल लावू नकोस. मागचा पट्टा भिंगाखाली बघायला सांग आणि दाटीचा आकडा लिहून घे, डावी, उजवी, मधली अशा तीन ठिकाणी. बारीक झालेले केस किती आहेत तेही विचार. बाबांचा जुना फोटो ने, २५ आणि ३५ वयाचा मिळाला तर उत्तमच, टक्कल कुठल्या वेगाने गेलं ते त्यावरून दिसतं. आज घरी केस ओले करून, एकाच दिव्याखाली, पुढून, वरून आणि मागून फोटो काढून ठेव. दर तीन महिन्यांनी त्याच दिव्याखाली तसेच काढ. कोरड्या केसांचे फोटो फसवतात.

आकडे मिळाले की इथेच टाक. निळावंतीताईही बघतील.

निळावंती

बघते. फोटोत चेहरा येऊ देऊ नकोस, फक्त डोकं.